‘डिस्डेन’ला मराठीत काय म्हणाल?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अनुवादाला नव्यानं बसलेली माणसं मला हमखास विचारतात, इंग्रजीतल्या ‘डिस्डेन’ला ‘तिरस्कार’ म्हटलं तर चालतं ना?

कोशात तसं मिळतं खरं. मीही पूर्वी तेच लिहायचे. मग एका कथेत वाक्य आलं, ‘शी डिस्डेन्ड टू आन्सर’. मी लिहून टाकलं, ‘तिरस्कारानं तिनं उत्तर दिलं नाही.’ पुढच्याच ओळीत ती बाई सावकाश, एकेक बोट नीट बसवत हातमोजे चढवत होती. कपाळावर आठी नाही, श्वास वाढलेला नाही. माझ्या वाक्यातली बाई मात्र संतापानं धुमसत होती. ते खोडलं आणि लिहिलं, ‘उत्तर देणं तिला कमीपणाचं वाटलं.’ तेव्हा कुठे ती बाई आणि ते हातमोजे एका कथेतले वाटू लागले.

शब्दाच्या मुळातच हे आहे. लॅटिनमध्ये ‘डिग्नस’ म्हणजे लायक. ‘डिग्निटी’ त्यातूनच आली आणि ‘डेन’ हे क्रियापदही. ‘ही डेन्ड टू रिप्लाय’ म्हणजे त्यानं उत्तर देण्याची मेहेरबानी केली. ‘डिस्डेन’ म्हणजे समोरच्याला तेवढ्याही लायकीचा न समजणं. त्यासाठी आपण वरच्या पायरीवर आहोत असं वाटावं लागतं. बरोबरीच्या माणसाचा द्वेष करता येतो, डिस्डेन नाही.

गंमत अशी, की संस्कृतात ‘तिरस्’ म्हणजे आड, आणि पडद्याला ‘तिरस्करिणी’ म्हणतात. म्हणजे तिरस्कारही मुळात नजरेआड करणंच. किती जवळचा शब्द होता! पण आज ‘मला त्याचा तिरस्कार वाटतो’ म्हटलं की दातओठ खाणारा माणूसच डोळ्यांपुढे येतो. शब्द तापला, त्याला इलाज नाही.

वापराचं थोडक्यात सांगते. नाम असेल तर पुढे बहुधा ‘फॉर’ येतं. न्यायालयाचा अवमान तो ‘कन्टेम्प्ट’च, तिथे डिस्डेन चालत नाही. ‘स्कॉर्न’मध्ये हेटाळणी असते, ती बरेचदा बोलून दाखवली जाते. डिस्डेनला एक भुवई पुरते.

‘विथ डिस्डेन’ला मी बहुतेक वेळा ‘तुच्छतेनं’ लिहिते. घरगुती प्रसंग असेल तर ‘नाक मुरडलं’ छान बसतं. पण शरण आलेल्या शत्रूकडे पाहणाऱ्या सेनापतीला नाक मुरडायला लावू नका. त्यानं नुसती मान फिरवली, एवढंच लिहा.