लॉक फाइल वाचायची असते

नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) प्रकल्पात पॅकेज डॉट जेसन, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजची (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची) यादी, सगळेच जपतात. शेजारच्या पॅकेज-लॉक डॉट जेसनला मात्र बरेच जण यंत्राने तयार केलेली अडगळ समजतात आणि काही जण तर ती गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) घेतही नाहीत. माझ्या मते दोन्हींपैकी जास्त काळजीने पाहावी अशी फाइल हीच आहे.

पहिल्या फाइलीत आपण फक्त अपेक्षा नोंदवतो. कॅरेटचे चिन्ह (^) लावून १.४.२ लिहिले की तिथपासून २.०.० च्या अलीकडची कोणतीही आवृत्ती चालते. सुरुवातीचा आकडा शून्य असेल तर मुभा कमी होते आणि ०.४.२ ला ०.५.० च्या अलीकडेच थांबावे लागते. त्यामुळे लॉक फाइल नसेल, तर आपण एकही ओळ न बदलता पुढच्या महिन्यात वेगळाच कोड उतरू शकतो. २०१७ मध्ये एनपीएमच्या (नोडची पॅकेजे उतरवणाऱ्या साधनाच्या) पाचव्या आवृत्तीपासून आपोआप तयार होऊ लागलेली ही फाइल प्रत्येक पॅकेजची, म्हणजे आपण न मागितलेल्या आडून आलेल्या पॅकेजचीही, नेमकी आवृत्ती आणि हॅश (कोड बदलला तर लगेच कळावे असा त्याचा ठसा) नोंदवून ठेवते.

२०१८ मधले इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएमवरच्या पॅकेजचे प्रकरण यासाठी आठवावे. त्याच्या ३.३.६ या आवृत्तीत फ्लॅटमॅप-स्ट्रीम हे नवे पॅकेज कॅरेटसह ०.१.० असे जोडले गेले. पुढे त्याच मुभेतून ०.१.१ आली आणि बिटकॉइन पाकिटे लुटण्यासाठी लिहिलेला कोड तिच्यात होता. ज्यांच्या लॉक फाइलीत आधीची आवृत्ती नोंदलेली होती, त्यांच्याकडे ती मुद्दाम अपडेट करेपर्यंत हे पोचणार नव्हते.

म्हणूनच बिल्ड सर्व्हरवर (प्रकल्प आपोआप तयार करणाऱ्या यंत्रावर) ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा नको, ‘एनपीएम सीआय’ हवे. दोन्ही फाइलींत तफावत असेल तर इन्स्टॉल लॉक फाइल बदलून पुढे जाते. सीआय मात्र तिथेच त्रुटी दाखवून थांबते, आणि सगळे जुळत असेल तर जुने नोड-मॉड्यूल्स फोल्डर काढून पुन्हा सगळे उतरवते. रिव्ह्यूच्या वेळी लॉक फाइलीत अनोळखी नाव दिसले, तर ‘एनपीएम एक्सप्लेन’ पुढे ते नाव द्यावे. ते कोणाच्या मागून आले, याची साखळी वरपर्यंत दिसते. दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करताना याच फाइलीत कॉन्फ्लिक्ट, म्हणजे न जुळणारे बदल, आला, तर ती हाताने जुळवत बसू नये: आधी पॅकेज डॉट जेसन नीट करावी, मग इन्स्टॉल चालवावे आणि झालेला फरक वाचूनच कमिट करावा.