केनेबंकपोर्टच्या ट्राम: आधी वर्कशॉप, मग फेरी

अमेरिकेतल्या मेन राज्यात केनेबंकपोर्टला लोक जातात ते समुद्रासाठी. आम्ही गेलो ते गावाबाहेर झाडीत वसलेल्या सीशोर ट्रॉली म्युझियम या ट्रामच्या संग्रहालयासाठी. १९३९ साली जवळच्या बिडफर्ड-सॅको या गावांमधल्या मार्गावरच्या ट्राम जाऊन बस येणार हे कळल्यावर काही शौकिनांनी पैसे जमवून ३१ नंबरची, बाजूंनी उघडी ट्राम १५० डॉलरला विकत घेतली. गाडी १९०० सालची. त्या एका गाडीपासून सुरू झालेला संग्रह आज अडीचशेच्या पुढे गेला आहे.

तिकीट हातात पडलं की बहुतेकांची पावलं थेट फेरीच्या ट्रामकडे वळतात. माझं ऐकाल तर आधी जुन्या गाड्या दुरुस्त होतात ते वर्कशॉप गाठा. प्रेक्षकांसाठी गॅलरी आहे, तिथून खालचं काम दिसतं. आम्ही गेलो तेव्हा एक जण खिडकीच्या चौकटीवरचा रंग पात्याने खरवडत होता. वरचा थर गेला की खाली दुसरा रंग, त्याखाली तिसरा. मूळ रंग कोणता हे असंच शोधावं लागतं, कारण जुने फोटो कृष्णधवल.

इथे 'नार्सिसस' नावाची गाडी आवर्जून विचारा. लॅकोनिया कंपनीने १९१२ साली बांधलेली, मेनमधल्याच पोर्टलंड ते लुइस्टन धावणारी लाकडी इंटरअर्बन, म्हणजे एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारी विजेची गाडी. १९१४ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हिच्यातून गेले होते. १९३३ ला मार्ग बंद पडला आणि गाडीची चाकं, मोटारी काढून नुसत्या सांगाड्याचं सुट्टीतलं घर झालं. संग्रहालयाकडे ती १९६९ मध्ये आली. अशा कित्येक ट्राम घर नाहीतर खुराडं म्हणून वापरात राहिल्या, म्हणूनच वाचल्या. बाकीच्या भंगारात गेल्या. सांगाडा मिळतो, पण त्याखाली बसतील अशी चाकं आणि मोटारी कुठून आणायच्या, हा खरा प्रश्न. छताचंही तसंच. लाकडी छतावर कॅनव्हास ताणून वर रंग दिलेला असतो. तो फाटला की पाणी आत झिरपतं आणि खांब आतून कुजत जातात. बाहेरून ठणठणीत दिसणारी गाडी उघडल्यावर निम्मं लाकूड बदलावं लागतं. किती बदलायचं आणि किती जुनं राखायचं, यावर तिथल्या स्वयंसेवकांशी जरूर बोला. मन लावून सांगतात.

हे पाहून फेरीला बसलात की गाडीचे आवाज वेगळ्याच कानांनी ऐकू येतात. अटलांटिक शोअर लाइन या जुन्या ट्राम कंपनीच्याच मार्गावर पुन्हा रूळ घातले आहेत. वर ६०० व्होल्टची तार. मोटरमन वेग कमीजास्त करणाऱ्या कंट्रोलरचा दांडा एकेक खाच पुढे सरकवतो तसा मोटारींचा सूर चढत जातो, आणि थांब्यावर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर मध्येच धडधडायला लागतो. शक्यतो पुढच्या बाकावर बसा. उघडी ट्राम निघणार असेल तर तिच्यासाठी थांबायला हरकत नाही.

शेडमध्ये रंग उडालेल्या, डागडुजी न झालेल्या गाड्याही आहेत. त्या टाळू नका. चकचकीत गाडीपेक्षा जुन्या गाडीची बांधणी तिथेच जास्त कळते.

मोसम साधारण मे ते ऑक्टोबर. आठवड्याचे सगळे दिवस उघडं असेलच असं नाही, वेळापत्रक पाहूनच निघा. बॉस्टनहून 'डाउनईस्टर' रेल्वेने वेल्सला उतरता येतं. पुढची टॅक्सी आधीच ठरवून ठेवा. स्वतःची गाडी असेल तर उत्तम. झाडीमुळे उन्हाळ्यात डास फार, तेव्हा मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. शेडमधून शेडमध्ये बरंच चालावं लागतं, त्यामुळे बूट घाला. मुलं लहान असतील तर फेरी आधी उरकली तरी चालेल, पण वर्कशॉपसाठी किमान एक तास राखून ठेवा. तिथे काम कधी चालू असतं ते तिकीट खिडकीवरच विचारून घ्या.