बर्फाच्या धक्क्यावरची पाळी

नेव्हीत आहे म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या जहाजावर? कुठल्याच नाही. मी अमेरिकन नौदलाच्या पहिल्या कार्गो हँडलिंग बटालियनमध्ये आहे, व्हर्जिनियात विल्यम्सबर्गजवळ. सरळ सांगायचं तर वर्दीतला गोदी कामगार. बाबांची उभी हयात मुंबईच्या इंदिरा गोदीत गेली. पोरगा त्यातून सुटला असं आईला वाटलं होतं.

आमची एक तुकडी अंटार्क्टिकात मॅकमर्डो या अमेरिकन संशोधन तळावर माल उतरवायला जाते. तिथलं वर्षभराचं बहुतेक सामान जानेवारी-फेब्रुवारीत जहाजाने येतं, तेही बर्फ फोडणाऱ्या जहाजाने वाट काढून दिल्यावर. यादीत नाव लागलं आणि घोडं अडलं अक्कलदाढेशी. तिकडे दाढ ठणकली तर काय करणार, म्हणून तपासणीतच ती काढायला लावली. आठवडाभर मऊ भात. मग न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला थंडीचे कपडे घेतले आणि सी-17 विमानाने पाचेक तासांत पोचलो.

धक्का बर्फाचा! समुद्राचं पाणी थरावर थर गोठवायचं, मध्ये पोलादी दोर घालायचे, वर खडीमाती पसरायची, म्हणजे उन्हाने वितळत नाही. काही वर्षी तो दगा द्यायचा, मग तरंगता धक्का जोडावा लागायचा. आमच्या वेळी शाबूत होता.

बारा-बारा तासांच्या पाळ्या, काम चोवीस तास. सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्रपाळी ही फक्त घड्याळात. मी सिग्नलमन. बोट वर करून गोल फिरवलं की क्रेनने उचलायचं, खाली करून फिरवलं की सोडायचं. पण जाड हातमोज्यात बोट दिसणार कसं? पहिल्याच पाळीत क्रेनवाल्याने कंटेनर अधांतरी थांबवला आणि रेडिओवर माझा उद्धार केला. बरोबरच होतं त्याचं. मग मोजा पातळ केला आणि हात खांद्यापासून हलवायला लागलो. बोटं बधिर व्हायची, दर थोड्या वेळाने काखेत घालायचो.

फोनवर बाबा म्हणाले, "हाताने कशाला? ओरड की, हाबेस, आरिया!" गोदीत उचल आणि सोड यांना हेच शब्द. आरिया तर पोर्तुगीजांकडून आलेला. एकदा तोंडातून निघालाच. शेजारचा टॅगलाइन, म्हणजे लटकता माल हेलकावू नये म्हणून बांधलेला दोर, धरलेला पोरगा बघतच राहिला.

जहाज रिकामं झालं की परत भरायचं, बहुतांशी तळाचा वर्षभराचा कचरा. तिथे काही टाकून येता येत नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन कचरा भरलास?"

"हो. आणि लॅशिंग तुमच्यापेक्षा घट्ट होतं," म्हटलं. लॅशिंग म्हणजे जहाजावर माल आवळून बांधणं.