पहिली मात्रा रिकामी

कार्यक्रमाआधी आवाज तपासताना, म्हणजे साउंडचेकला, मी सगळ्यांत आधी बास ड्रम ऐकतो. ऑर्केस्ट्रा असो की कॉलेजचं गॅदरिंग, त्या ड्रमचा दणका, म्हणजे किक, नीट बसली की अर्धं काम झालं. त्या शनिवारी मुंढव्यातल्या एका छोट्या ठिकाणी मी बदली म्हणून गेलो होतो, त्यांचा नेहमीचा साउंडवाला तापाने पडला होता. पुण्यातल्याच चार पोरांचा बँड. जमैकाचं रेगे, अमेरिकेतलं फंक आणि हार्ड रॉक एकत्र वाजवतात, एवढंच फोनवर कळलं होतं.

ड्रमरने ठेका धरला आणि किक येईना. म्हणजे यायची, पण भलत्याच जागी. केबल गेली असेल म्हणून बदलली. मग माइक बदलला. शेवटी स्टेजवर जाऊन ड्रमपाशी वाकलो, तेव्हा पोरगा हसला. "दादा, माइक चांगलाय. पहिल्या मात्रेला मी वाजवतच नाही."

हा रेगेतला 'वन ड्रॉप'. चार मोजायचे, पहिली मात्रा मोकळी सोडायची आणि तिसरीवर बास ड्रम व स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेवरची काठी एकदम. गिटार दुसरीवर आणि चौथीवर नुसतं चक्, चक्. माझे वडील ढोलकी वाजवायचे. समेवर हात पडला नाही की घरात बोलणी बसायची. आणि इथे समच रिकामी! फंक लगेच कळलं. फंकचा अमेरिकन गायक जेम्स ब्राउन वादकांकडून पहिल्या मात्रेवरच जोर मागायचा, म्हणजे आपल्यातलाच माणूस.

पंचाईत अशी, की तिन्ही एकाच गाण्यात. रेगेत बास गिटार जाड, गोल, वरची धार कापलेली हवी. फंक आलं की तोच पोरगा अंगठ्याने तारा ठोकणार आणि माझ्या मिक्सरवर लाल दिवा. बासवर आवाजाचे चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर आणखी आवळला. तेवढ्यात गिटारवाल्याने आवाज खरखरीत करणाऱ्या डिस्टॉर्शनच्या पेडलवर पाय दिला आणि गायिका गायबच झाली. तिघांसाठी तीन सेटिंग करून ठेवता आली असती, पण बदलताना झटका ऐकू येतो. म्हटलं, बोटांनीच करू.

साउंडचेक संपवून निघता निघता ड्रमर म्हणाला, "रेगे आलं की काठीवर एको सोडा. तुम्हाला वाटेल तेव्हा." मग किंग टबीचं सांगितलं. जमैकातल्या किंग्स्टनमधला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. 1970च्या दशकात गाण्यातून गायकाचा आवाज काढून घ्यायचा, ड्रम-बास ठेवायचा, त्यावर एको सोडायचा. मिक्सरच वाजवायचा म्हणा. वीस वर्षं मी ऐकतोय, 'साउंडवाला लक्षात आला म्हणजे काहीतरी बिघडलं'. हे ऐकून मी गारच पडलो.

पहिल्या गाण्यात भीतभीत एकदा सोडला. दुसऱ्यात हावरटपणा केला, एको खाली आणायला विसरलो आणि रॉकमध्ये नुसता चिखल झाला. ड्रमरने भुवया उडवल्या, बस. चौथ्या गाण्यापर्यंत मी वाट बघायला शिकलो होतो. पहिली मात्रा रिकामी जाऊ द्यायची, काठी पडली की एकोचा फेडर, म्हणजे सरकती कळ, वर, आणि टक्-टक्-टक् करत आवाज भिंतींवरून फिरायचा. पोरं मागे वळून बघायला लागली.

पावणेदहाला मालक घड्याळावर बोट ठेवून उभा. दहाला स्पीकर बंद, नियमच आहे. शेवटच्या गाण्यात गायिकेने एकेकाचं नाव घेतलं, मग माझ्याकडे हात केला. "आणि मिक्सरवर..." नाव तिला माहीतच नव्हतं. "दादा!"

सामान गाडीत टाकून मी आधी त्या आजारी साउंडवाल्याला फोन लावला. म्हटलं, अजून आठवडाभर आराम कर.