कढीपत्ता नेणारा गोरा नसणार

इंग्लंडात मे महिना लागला की घराघरांपुढच्या चिमुकल्या बागा सजतात आणि त्याच सुमारास आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दारावरच्या कॅमेऱ्यांचे धूसर फोटो यायला लागतात. टोपी डोळ्यांवर ओढलेला कोणीतरी, हातात कुंडी, वेळ पहाटेची. खाली प्रश्न: ओळखतं का कोणी? ओळखत कोणीच नाही. मग दोघं-तिघं हळहळतात, एखादा पोलिसांच्या नावाने बोटं मोडतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरचा फोटो येतो.

हे आईला फोनवर सांगितलं तर तिला पटेचना. "गोऱ्यांकडे झाडं चोरतात? काऊन, दुकानात भेटत नाहीत का?"

भेटतात ना, आणि चांगली महाग भेटतात, म्हणूनच जातात. इथे चोरांचा डोळा असतो तो जपानी मेपलवर, ऑलिव्हवर, गोल छाटलेल्या बे-लॉरेलच्या जोडीवर (हे म्हणजे आपल्या तेजपानाचे विलायती चुलतभाऊ) आणि झाडासारख्या बुंध्याच्या मोठ्या नेच्यांवर. ही सगळी हळू वाढणारी मंडळी. नर्सरीत बोटभर रोप स्वस्त, पण कमरेइतकं झालेलं झाड घ्यायचं तर शंभर-दोनशे पौंड सहज. म्हणजे पैसा झाडाच्या वयाचा आहे, आणि कुणीतरी पाणी घालून घालून वाढवलेली ती वर्षं चोराला रातोरात फुकट मिळतात. विकायलाही अवघड नाही. रविवारी मैदानावर लोक गाडीची डिकी उघडून जुनंपानं विकायला बसतात, तिथे नाहीतर ऑनलाइन. सायकलीवर नंबर कोरलेला असतो, मोबाइलला आयएमईआय असतो, मेपलची ओळख काय सांगणार?

आमच्या दोन घरं पलीकडे एक निवृत्त आजोबा राहतात. त्यांचा लाल पानांचा मेपल असाच गेला. मी सकाळी बघायला गेले. खड्डा इतका सुबक होता की राग येण्याआधी कौतुकच वाटलं. चारी बाजूंनी फावड्याने सरळ कापलेल्या कडा, तळाशी तुटलेल्या मुळांची पांढरी टोकं आणि फरशीवर गेटपर्यंत ओढत नेल्याची मातीची रेघ. घाईत हिसकलेलं नव्हतं, मातीच्या गोळ्यासकट जिवंत काढलं होतं. ज्याने नेलं त्याला बागकाम येत होतं. आजोबांना त्याचंच जास्त लागलं. "निदान जगवेल तरी," असं म्हणाले आणि लगेच स्वतःवरच चिडले.

तक्रार ऑनलाइन करता येते. एक क्रमांक मिळतो आणि तो विमा कंपनीला द्यायचा. घराच्या विम्यात बागेचीही काही रक्कम धरलेली असू शकते, हे मला तेव्हा कळलं. पोलिस कोणी बघायला आले नाहीत, कोणाची तशी अपेक्षाही नव्हती. बाकी उपाय लोकांचे लोकच करतात: कुंडीच्या तळच्या भोकातून साखळी ओवून ती भिंतीला अडकवायची, वाटेवर खडी टाकायची म्हणजे पावलं वाजतात, खिडकीखाली पायराकँथासारखं काटेरी झुडूप लावायचं. आईचं म्हणणं, त्यापेक्षा बोराटी टाका म्हणा कुंपणावर, जनावरंसुद्धा येत नाहीत. बोराटी इथे कुठून आणू हा भाग वेगळा.

आणि मग माझा कढीपत्ता गेला. कुंडीसकट.

इथे कढीपत्ता पाळणं म्हणजे काय असतं ते नागपुरात बसून कळायचं नाही. तिकडे परसात एक लावला की त्याची पिलं उपटून उपटून कंटाळा येतो, भाजीवाला सांबाराबरोबर (म्हणजे कोथिंबिरीबरोबर) चार काड्या फुकट टाकतो. इथे ते झाड थंडीत घरात, खिडकीशी, हीटरपासून दूर. जूनमध्ये बाहेर, सप्टेंबर सरत आला की परत आत. येताना बॅगेत रोप टाकून आणावं तर तेही नाही, वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. त्यामागे कारणही पक्कं आहे. कढीपत्ता संत्र्या-लिंबाच्याच कुळातला, आणि संत्र्यावरची सिट्रस सायला ही कीड त्याच्यावर मजेत राहते. संत्रानगरीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणून इथलंच रोप घ्यायचं, आणि ते देशी वाणसामानाच्या दुकानात असतं तेव्हा असतं.

आता मला सांगा, शेजारी जिरेनियमच्या दोन भरगच्च टोपल्या लटकत होत्या, लॅव्हेंडरचं मोठं पिंप होतं. ते सोडून तीन फुटांचं किडकिडीत, ना फूल ना रूप असलेलं झाड कोण उचलेल? ज्याला फोडणी माहीत आहे तोच. नवरा म्हणाला, पुराव्याशिवाय असं बोलू नये. नसेल बोलू. पण त्यानंतर कितीतरी दिवस देशी दुकानाच्या रांगेत मी लोकांच्या पिशव्यांत डोकावत होते.

आईला मात्र यात काहीच नवीन वाटलं नाही. तिचा जन्म गेलाय या चोऱ्यांत. नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या घराला कंपाउंड वॉल आहे, वॉलच्या आत जास्वंद, चांदणी, कण्हेर, कोपऱ्यात पारिजातक. पहाटे फिरायला निघालेल्या बायका-पुरुषांच्या एका हातात प्लास्टिकची पिशवी आणि दुसऱ्या हातात टोकाला तार वाकवून बांधलेली काठी. आकडी फांदीला अडकवायची, खाली ओढायची, फुलं खुडायची आणि फांदी सोडून द्यायची. त्या सपकाऱ्याने कळ्या गळतात ते वेगळंच. आई दार उघडून उभी राहिली तरी हात थांबत नाहीत. "देवालाच तर वाहायची आहेत न बाई, घरी भाजी थोडीच करून राहिली मी!" यावर काय बोलणार? देवाचं नाव मध्ये आलं की तक्रार करणाराच पापी ठरतो. आमच्या देवाला मात्र मग अंगणात सांडलेली, अर्धी चुरगळलेली फुलं.

वर्षाच्या सणांनीसुद्धा या उचलेगिरीला मुहूर्त ठरवून दिलेत. श्रावणात बेल, पोळ्याला दाराशी ठेवायच्या मेढ्यांसाठी पळसाच्या फांद्या, हरतालिकेला पत्री, दसऱ्याला आपटा. वडाची तर पौर्णिमेला दैना. पूजा झाडाची आणि फांद्या तोडून घरी. मनीप्लांट विकत घेतला तर फळत नाही, चोरूनच आणावा लागतो, हे तर सुशिक्षित घरांतही इतक्या गंभीरपणे सांगतात की जणू कृषी महाविद्यालयाची शिफारस आहे. तो कशाने वाढतो? पेराला फुटलेली हवाई मुळं असतात, पाण्यात ठेवा नाहीतर मातीत, लागतोच. चोरीचा त्यात काही वाटा नाही.

कायदा याबाबतीत दोन्हीकडे गमतीदार आहे. इंग्लंडच्या 1968 च्या चोरीच्या कायद्यात लिहिलंय की रानात आपोआप उगवलेल्या झाडाचं फूल, फळ, पान तोडलं तर ती चोरी नाही. विकण्यासाठी तोडलं तर चोरी. रानातलं झाड मुळासकट उपटायचं तर 1981 च्या कायद्याने जमीनमालकाची परवानगी लागते. आणि कुणी बागेत लावलेलं असेल तर प्रश्नच नाही, फूल तोडलं तरी ती चोरी. आपल्याकडे जुन्या दंडसंहितेपासून एक स्पष्टीकरण चालत आलंय, ते नव्या न्याय संहितेच्या कलम 303 मध्येही आहे: जमिनीत रुजलेली वस्तू जोवर जमिनीला चिकटून आहे तोवर ती चोरीचा विषय होत नाही, जमिनीपासून सुटली की त्या क्षणी होते. आणि माल पाच हजारांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. काठीवाल्या काकूंना महिनाभर महाराजबागेत पाणी घालायला लावलं आहे, हे चित्र आईला फार आवडलं.

मला विचाराल तर भिंतीबाहेर लोंबणाऱ्या फुलावर भांडण करावं, पण ते भांडणच राहू द्यावं. फूल उद्या पुन्हा येतं. मुळाला हात घातला की गोष्ट बदलते, आणि आपल्याकडे नेमका हाच फरक आपण करत नाही. फुलांच्या चोरीला हसता हसता बाकीच्या चोऱ्यांनाही हसायची सवय लागते. मार्च 2023 मध्ये जी-20 च्या सी-20 म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या गटाच्या बैठकीसाठी नागपूर नटवलं होतं, आठवत असेल. वर्धा रोडवर मांडलेल्या शोभेच्या कुंड्या लोकांनी महागड्या गाडीतून येऊन नेल्या, त्याचा व्हिडिओ फिरला, आणि मला तो निदान पाच जणांनी हसण्याच्या चिन्हासकट पाठवला. गुरुग्राममध्येही त्याच सुमारास तसंच घडलं, तिथे एकाला अटक झाली. गाडीच्या टाकीतल्या पेट्रोलला कुंडीपेक्षा जास्त पैसे लागले असतील.

चंदनाबद्दल मात्र कोणी हसत नाही. नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधल्या बंगल्यांच्या आवारातून चंदनाची झाडं कापून नेल्याच्या बातम्या मी शाळेत असल्यापासून वाचत आलेय. पहारा असलेली आवारंसुद्धा सुटली नाहीत. चोर आधी येऊन बुंध्याला भोक पाडून बघतात, आत सुगंधी गाभा धरलाय की नाही. धरला नसेल तर झाड सोडतात. धरला असेल तर एका रात्री परत येतात, गाभ्याचा तुकडा नेतात आणि शेंडा-फांद्या तिथेच टाकून जातात. आईच्या गल्लीत एकांकडे आपोआप उगवलेलं चंदन आहे, पक्ष्यांनी बी टाकलेलं. परवा त्यांना बुंध्यावर बोटभर भोक दिसलं. तेव्हापासून ते काका रात्री दोनदा उठतात. झाड आपणच तोडून मोकळं व्हावं म्हणतात, पण शहरात झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते.

इंग्रजांना असं वेड कशाचं, तर स्नोड्रॉप नावाच्या वीतभर पांढऱ्या फुलाचं. 2022 मध्ये त्याच्या एका दुर्मीळ वाणाचा एकच कंद ऑनलाइन लिलावात 1,850 पौंडांना गेला. कांद्याएवढंसुद्धा नसतं ते. त्यामुळे हौशी लोक आपल्या बागेत कुठे काय लावलंय ते बाहेर बोलत नाहीत. लंडनच्या क्यू गार्डनमधूनही 2014 च्या जानेवारीत जगातलं सगळ्यात लहान कमळ कोणीतरी उचललं होतं. रवांडातल्या गरम झऱ्याकाठचं, सेंटिमीटरभर पानाचं, मावेल खिशात असं. काचघरात, दिवसाढवळ्या लोक हिंडत असतात तिथून. तेही कोणी देवासाठी नेलं नसणार.

चंदनाच्या भोकानंतर आईच्या गल्लीने वर्गणी काढून कॅमेरा बसवलाय. चोर अजून काही सापडला नाही, सापडल्या त्या काठीवाल्या काकू, अगदी स्वच्छ, तारखेसकट. कोणीतरी उत्साहाने तो फोटो ग्रुपवर टाकला. तासाभरात त्यांच्या सुनेचा मेसेज आला की सासूबाई बिपीच्या गोळ्या घेऊन पडल्यात आणि देवाच्या फुलांपायी माणसाची अशी इज्जत काढतात का. मग नेहमीप्रमाणे दोन तट पडले. आईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि रात्री एवढंच टाकलं: "फोटो ग्रुपवरून काढून टाका. फुलं घेऊन जाव म्हणा, पण फांदी हळू सोडाची. आणि ते कॅमेऱ्याचं तोंड चंदनाकडे करा न बाप्पा, जास्वंदीकडे काय करून राहिलं!"