तुम्ही विचारलंत म्हणून: हे कापड खरोखर कुजते का?

प्रश्न नेहमी एकच असतो: ‘तुम्ही कापडाच्या चाचण्या करता, तर एका शब्दात सांगा, जैवविघटनशील म्हणून विकले जाणारे कापड खरोखर कुजते का?’ एका शब्दात सांगता येत नाही म्हटले, की विचारणाऱ्याला मी उद्योगाचा वकील वाटतो. उद्योगातल्या लोकांना त्याच उत्तरामुळे मी आडमुठा वाटतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

कापूस, लिनन, लोकर, व्हिस्कोज आणि लायोसेल हे तंतू कुजतात, याबद्दल वाद नाही. पॉलिस्टर आपल्या हयातीत कुजत नाही, याबद्दलही नाही. मका किंवा उसापासून बनणारे पीएलए (पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड) हे प्लास्टिक मात्र सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या औद्योगिक खतप्रकल्पात काही महिन्यांत विघटित होते आणि बागेतल्या थंड मातीत वर्षानुवर्षे पडून राहते. वनस्पतीपासून बनले म्हणजे कुठेही कुजणारच, हे गृहीतक तिथेच कोसळते.

एका उत्पादकाने सुती शर्टांसाठी चाचणी मागितली आणि नमुना म्हणून कोरे कापड पाठवले, म्हणजे न रंगवलेले आणि फिनिश न चढवलेले. ते मातीत उत्तम कुजले. निष्कर्ष केवळ या कोऱ्या नमुन्याला लागू आहे, असे मी अहवालात स्पष्ट लिहिले होते. पुढे बाजारात आलेल्या शर्टाच्या टॅगवर ‘चाचणीने सिद्ध, पूर्णपणे जैवविघटनशील’ असे छापलेले होते. माझे ते वाक्य कुठेच नव्हते. मी तो शर्ट विकत घेऊन तशाच मातीत, तितकाच काळ पुरला. बाहेर काढला तेव्हा सुरकुत्या पडू नयेत म्हणून दिलेल्या रेझिनमुळे कापड कोऱ्या नमुन्याच्या मानाने फारच कमी झिजलेले होते, आणि जिथे ते गेले होते तिथे पॉलिस्टरच्या दोऱ्याची शिवण टाक्यान् टाका शाबूत होती. कॉलरमधले चिकट अस्तर, गुंड्या आणि धुण्याच्या सूचनांचे लेबल यांना तर काहीच झालेले नव्हते. उत्पादकाला हे दाखवल्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘कापूस कुजतो, असे तुम्हीच लिहिले आहे ना? दोरा म्हणजे कापड नव्हे.’ त्याच्या या बोलण्यात खोटे असे काहीच नव्हते, आणि मला अजूनही खुपते ते हेच.

तेव्हा मी म्हणत असे की प्रयोगशाळेने आकडा द्यावा, टॅगवर काय छापतात याच्याशी तिचा संबंध नाही. ती भूमिका मला आजही पूर्णपणे टाकून देता येत नाही, कारण प्रत्येक टॅगचा पहारा कोणतीच प्रयोगशाळा करू शकणार नाही. तरी आता मी दोरा आणि अस्तरासह शिवलेला कपडाच मागतो. त्यामुळे काही ग्राहक दुसरीकडे जातात.

त्यात आणखी एक अडचण आहे. कचराभूमीच्या पोटात हवा नसते आणि तिथे कुजणारा कापूस मिथेन सोडतो, जो २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो. फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत कचराभूमीत जाणाऱ्या वस्तूंवर ‘जैवविघटनशील’ असा विनाअट दावा करू नये असे म्हटले आहे, कारण त्या तिथे वर्षभरात पूर्ण विघटित होत नाहीत. माझे काही सहकारी त्याही पुढे जाऊन हा शब्द टॅगवर अजिबात नको म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मग कापूस आणि पॉलिस्टर टॅगवर सारखेच दिसतील, आणि त्यांच्यातला फरक तर खरा आहे.