ईव्हीतला जॉब का सोडला, तुम्ही विचारलंत म्हणून

रंकाळ्यावर भेटलेला कॉलेजचा मित्र असो नाहीतर लग्नात भेटलेली आत्या, प्रश्न एकच. "पुण्यात ईव्ही कंपनीत होतास की, परत कशाला आलास?" आणि मी तोंड उघडायच्या आत ठरवून मोकळे, सबसिडी गेली, माणसं कमी केली, त्यात हा पण गेला. मला कुणी काढलं नाही. मी सोडलं. आता एकदाच सगळं लिहितो.

माझं काम लाईनच्या शेवटी, बॅटरी पॅक टेस्टिंगला. स्कूटरचा एक पॅक म्हणजे एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम बॅटरीचाच एक प्रकार) १६ सेल सिरीजमध्ये, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, झाले ५१.२. पॅक चार्ज करून ठेवायचा, मग एकेका सेलचं व्होल्टेज बघायचं, सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलमध्ये २० मिलीव्होल्टपेक्षा जास्त फरक आला की लाल स्टिकर. ही आमची लिमिट होती.

मार्च २०२४. इलेक्ट्रिक गाड्यांवरची केंद्र सरकारची फेम-२ सबसिडी ३१ तारखेला संपणार, त्याच्या आत विकलेल्या गाडीलाच पैसे, त्यामुळे डिस्पॅचवरून दर तासाला फोन. रात्री साडेअकराला स्क्रीनवर सात नंबरचा सेल ३.२९१, बाकीचे ३.३२९ च्या आसपास. फरक ३८ मिलीव्होल्ट. त्याच लॉटमधले ११ पॅक असेच, कुठं सात नंबर, कुठं तीन नंबर.

सर म्हणाले, "अरे ३८ मिलीव्होल्टच आहे, बीएमएस बॅलन्स करेल की. सही कर, गाडी उभी आहे."

एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, म्हणजे ३८ मिलीव्होल्ट दिसायला किरकोळ, खरं तेवढ्यात चार्जचा तीसएक टक्क्यांचा फरक लपलेला असू शकतो. आणि बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, बॅलन्स करतो म्हणजे वरच्या सेलचा चार्ज रेझिस्टरमध्ये जाळून त्यांना खाली आणतो, तेही मिलीअँपिअरमध्ये, दिवसचे दिवस लागतात, आणि सेलचा चार्ज आतूनच गळत असेल तर बॅलन्सिंगचा काडीचा उपयोग नाही. हे मला पाठ होतं. इंटरव्ह्यूत बोर्डवर ग्राफ काढून हेच समजावलं होतं, त्यावरच तर नोकरी लागली होती. त्या रात्री मी ११ ठिकाणी सही केली.

भीती वाटली म्हणून केली. घरी पैसे पाठवायचे होते हे पण खरं आहे, खरं नुसतं तेवढंच कारण नव्हतं. सगळे दमलेत, मी एकटाच कशाला अडवू, असं वाटलं.

जूनमध्ये त्यातला एक पॅक परत आला. सोबतच्या कागदावर कस्टमरची तक्रार: ४० टक्के दाखवत असताना चढावर गाडी बंद पडली, मागं मुलगी बसली होती. कुणाला लागलं नाही. मी स्वतः पॅक उघडून मीटर लावला, सात नंबरचा सेल तळाला गेलेला. मला कुणी काहीच बोललं नाही, सही कुणाची हे कुणी बघितलंसुद्धा नाही. उरलेले १० परत मागवूया म्हणून मी दोन मेल केले. वॉरंटीत आले की बघू, असं उत्तर आलं. मग राजीनामा दिला.

त्यानंतर तीन इंटरव्ह्यू दिले. टेक्निकल राउंड तिन्ही चांगले गेले. शेवटी "आधीची कंपनी का सोडली?" आणि मी हे सगळं सांगायचो. समोरचे वहीत काहीतरी लिहायचे, मग मेल यायचा नाही. मित्र म्हणतो, "भावा, ग्रोथ नव्हती म्हण आणि विषय संपव." कदाचित त्याचं बरोबर असेल. मला ते जमलं नाही.

आता शिरोलीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. तुमच्या नजरेत हे मागं येणं आहे, मला ठाऊक आहे. इथं कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे गॅस अडकून राहिलेली पोकळी, दिसला की आमचे मामा खडूने फुली मारतात आणि माल परत भट्टीत जातो, त्यावर चर्चा होत नाही. निदान आमच्याकडं तरी नाही.

खरं रात्री वाटतं, सोडून काय केलंस? तिथं राहून रोज भांडला असतास तर ते १० पॅक कदाचित परत आले असते. यावर मी अजून स्वतःला उत्तर देऊ शकलेलो नाही. त्यांचे सिरीयल नंबर माझ्या डायरीत आहेत. गाड्या कुठल्या गावात फिरतायत ते कळायला माझ्याकडं आता लॉगिन नाही.